अनुभवाला शोभेल असं काम

माणसाच्या अंगात गुण असले की काम त्याला शोधत घरी येतं, असं माझं ठाम मत होतं. त्यामुळे जालन्याच्या एमआयडीसीतली आमची रोलिंग मिल मालकाने बंद केली, तेव्हा बाकीचे कामगार तोंडं पाडून गेटवर उभे होते आणि मी एकटाच मोटरसायकलला किक मारून शीळ घालत निघालो होतो.

"कारभारी, तुला टेन्शन न्हाई का रे?" एकाने विचारलं.

"कशाचं टेन्शन? फोरमन हाय मी! वीसेक वर्षांचा अनुभव हाय! आपल्याला बोलावणं येईल, बोलावणं!"

बोलावणं काही आलं नाही. जालन्यातली भाड्याची खोली सोडून आम्ही वाटूरला, आमच्या गावी येऊन राहिलो. मी रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचो. न जाणो, बोलावणं यायचं आणि आपण बनियनवर असायचो! पण मला बोलावलं ते फक्त बायकोने.

"अहो," साधना आतून म्हणायची, "तुरीच्या शेंगा सोलून द्या."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही. मिलमध्ये भट्टीची घरघर, रोलरचा खडखडाट, आणि त्यातून लालभडक सळई सुसाट बाहेर यायची. समोर कुणी बेसावध उभा असला तर "सरक!" हे एकदाच ओरडायचं आणि एकदाच ऐकू जायला पाहिजे. दुसऱ्यांदा ओरडायला वेळ नसायचा. असं वीस वर्षं केल्यावर माझा गळा जो खुलला, तो पुन्हा मिटला नाही. मी साधनाच्या कानात हळूच म्हणालो, की भाजी आज जरा खारट झाली, तर पलीकडच्या गल्लीतून एखादी म्हातारी ओरडायची, "पाणी टाका म्हणावं थोडं!"

शेवटी आमच्या आकांक्षाने माझं प्रकरण हातात घेतलं. ती परतूरला कॉलेजात आहे. एका रविवारी मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, असं ओट्यावर बसून काम मिळत न्हाई. आपल्याला काय येतं, कशाचा अनुभव हाय, स्वभाव कसा हाय, ते आधी तपासावं लागतं. मंग त्याला जुळणारं काम शोधायचं. ह्याच्यात टेस्ट हाय."

"मला सगळंच येतं! लिही."

"तसं लिहायला जागा न्हाई इथं. प्रश्न विचारते, खरं खरं सांगा. तुम्ही दुसऱ्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेता का?"

"म्हंजे काय! मिलमध्ये कुणाचं बोलणं मी कधीच मधी तोडलं न्हाई!"

ते मला ऐकूच यायचं नाही, ही गोष्ट वेगळी.

"ताणाच्या वेळी तुमचा आवाज चढतो का?"

"बिलकुल चढत न्हाई!"

समोरच्या गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. पण मी खोटं बोललो नव्हतो. माझ्या आवाजाला वर चढायला जागाच उरलेली नव्हती. साधना शेंगा सोलता सोलता पदर तोंडाला लावून हसत होती.

"खरं सांगा की पोरीला," ती म्हणाली.

"खरंच सांगून राह्यलो!"

मोबाईलने थोडा वेळ गोल गोल फिरून निकाल दिला. आकांक्षाने तो मोठ्याने वाचला. 'आपला स्वभाव अत्यंत संयमी आहे. लोकांशी थेट संबंध येणारं काम आपल्याला शोभेल. उदाहरणार्थ स्वागतकक्ष, समुपदेशन, आरोग्यसेवा.'

मला आजवर कुणी संयमी म्हटलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही! ऊर भरून आला. शेजाऱ्यांनाही वाचून दाखवावं म्हटलं, पण त्यांनी ते ऐकलंच होतं.

आणि बघा, त्याच संध्याकाळी साधनाचा धाकटा भाऊ पप्पू चहाला आला. पप्पूचं औषधाचं दुकान आहे, राधेश्याम डॉक्टरांच्या दवाखान्याला लागूनच. तो सहज बोलून गेला, की डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसणारी सुरेखा लग्न होऊन पुण्याला गेली आणि डॉक्टर माणूस शोधून राह्यले. मी ताडकन उभा राहिलो.

"पप्पू, माणूस सापडला!"

पप्पूने आधी इकडेतिकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग बहिणीकडे बघितलं.

"दाजी, मिल अन् दवाखान्यात फरक असतो बरं का."

"काय फरक? तिथं गरम लोखंड यायचं, इथं गरम माणसं येतेत!"

साधना म्हणाली, "अहो, दवाखान्यात भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं असतंय."

"मंग बराबर हाय की! शांतता राखायला कुणीतरी ठिवावंच लागंल ना!"

सोमवारी मी कामावर हजर झालो.

राधेश्याम डॉक्टर म्हणजे अगदी मऊ माणूस. बोलायला लागले की आधी वाटतं नुसता श्वास घेऊन राह्यले. त्यांनी मला काम समजावलं. आलेल्याचं नाव विचारायचं, काय होतंय ते विचारायचं, आणि नंबराप्रमाणे आत पाठवायचं. झालं! एवढ्या कामाला सुरेखाने बारावीपर्यंत शिकायची काय गरज होती, असंच मला वाटलं.

पहिला नंबर लागला कडूबांचा. कडूबा म्हणजे सोसायटीचे चेअरमन. पांढरे शुभ्र कपडे, मागे दोन-चार कार्यकर्ते. ते माझ्या टेबलावर वाकले, तोंडाला हात लावून काहीतरी पुटपुटले आणि जाऊन भिंतीशी उभे राहिले. आतून घंटी वाजली. मी उठलो आणि छाती भरून आवाज दिला,

"कडूबा चेअरमन! मूळव्याध! या आत!"

पप्पूच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. रस्त्यापलीकडच्या हॉटेलातले भजी खाणारे हात थांबले. एक कार्यकर्ता दुसऱ्याला म्हणाला, "तरी मी म्हणलं, चेअरमन आजकाल मीटिंगला उभ्यानंच का बोलतेत!"

कडूबा आत गेले ते मागच्या दाराने निघून गेले. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"कारभारी, पेशंटचा आजार ही खाजगी गोष्ट असते. फक्त नाव घ्यायचं माणसाचं. आजाराचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही. काहीही झालं तरी नाही!"

"बिलकुल न्हाई, डॉक्टरसाहेब! शब्द दिला!"

आणि मी शब्द पाळला. तुम्हाला वाटेल, मी पहिल्याच आठवड्यात हाकलला गेलो असेन. तसं नाही. म्हातारी माणसं माझ्यावर खूश होती. चांगुणाबाई म्हणून एक आजी आहेत, कानाने ठार बहिऱ्या. त्यांना मी औषधं समजावून सांगितली, तर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"इतक्या वर्षांत ह्या दवाखान्यात पहिल्यांदा कुणी बोललं, बाबा! आधीची पोरगी नुसतं तोंड हालवायची!"

हे मी घरी सांगितलं. आकांक्षा म्हणाली, "बघा, टेस्ट बराबर निघाली." साधना म्हणाली, "तरी पण जरा हळू बोलत जा." मी म्हणालो, "हळूच तर बोलतो!"

मग उजाडला बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून माणसं आलेली, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. कोपऱ्यातल्या बाकावर एक बाहेरगावची बाई गुडघा चोळत बसली होती. शहागडच्या गिरिजाबाई. इथे वाटूरला बहिणीकडे आल्या होत्या आणि जाता जाता गुडघा दाखवायला थांबल्या होत्या. त्या आणखी कोण आहेत हे मला तेव्हा ठाऊक असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या शाळेवरचे पुंजाराम गुरुजी तुम्हाला सांगायला पाहिजेत. सरळ माणूस. त्यांची लेक मोनाली परतूरला क्लासमध्ये गणित शिकवते. तिला आठवडाभर ताप होता, उलट्या होत होत्या, म्हणून आदल्या दिवशी रक्त तपासायला दिलं होतं. तिची सोयरीक जमली होती, आणि येत्या रविवारी साखरपुडा होता, एवढं मला माहीत होतं. पाहुणे कोण, ते नव्हतं.

डॉक्टरांनी आतलं दार थोडं किलकिलं केलं.

"कारभारी, पुंजाराम गुरुजींना फोन लावा. मोनालीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. आजच घेऊन या म्हणावं. घाबरण्यासारखं काही नाही, सुरुवातीलाच कळलंय. पण आराम लागेल."

मी फोन लावला. गुरुजी शाळेत होते. शाळेत रेंज नसते, आणि पोरांची मधली सुट्टी झालेली. त्यांना काही ऐकू येईना.

"गुरुजी!" मी म्हणालो. "मोनालीचा रिपोर्ट आला! पॉझिटिव्ह हाय!... पॉ-झि-टिव्ह!... होय, होय, आपल्याच मोनालीचा!"

दवाखान्यातली कुजबुज थांबली. मला बरं वाटलं. फोनवर बोलताना शांतता असली की बोलायला सोपं जातं.

"घाबरू नका! सुरुवातीलाच कळलं ते बरं झालं म्हणतेत डॉक्टर!... आता जड काही उचलायचं न्हाई! खाण्यापिण्याचं सांभाळायचं!... उलट्या का? अहो, ह्याच्यात उलट्या होतातच!... आं? साखरपुडा? ते तुम्ही बघा बुवा! पण जल्दी घेऊन या पोरीला!"

आजाराचं नाव मी एकदाही घेतलं नाही. शब्द म्हणजे शब्द! मी समाधानाने फोन ठेवला, तर समोर गिरिजाबाई उभ्या.

"कोण म्हणालात? पुंजाराम गुरुजीची मोनाली?"

"होय."

"काय झालंय तिला?"

"ते आम्ही सांगत न्हाई. खाजगी असतं."

"पण... पक्कं हाय का?"

"शंभर टक्के!"

"कधीपासून?"

"अंगात तर कवाचंच असंल. आता बाहेर पडलं."

गिरिजाबाईंनी पिशवी उचलली आणि त्या तरातरा चालत निघून गेल्या. मी कौतुकाने बघत राहिलो. आत येताना बाई भिंतीला धरून आल्या होत्या! काही आजार दवाखान्यात नुसतं बसून बरे होतात, असं मी शेजारच्या पेशंटला सांगितलंसुद्धा.

तासाभराने गुरुजी स्कूटरवरून मोनालीला घेऊन आले. पोरगी शाल पांघरून, चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी तपासलं, टायफॉईड आहे म्हणाले, औषधं दिली. बापलेक बाहेर आले आणि गुरुजींचा फोन वाजला. ते नुसते ऐकत राहिले. मग फोन खाली घेतला, आणि ते मास्तर असूनही त्यांना वाक्य जुळवता येईना.

"शहागडच्या गिरिजाबाईंचा फोन व्हता. सोयरीक मोडली म्हणतेत. 'आधी लेकीचं निस्तरा' म्हणतेत. मी म्हणलं, काय निस्तरायचं? तर म्हणल्या, दवाखान्यातल्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं."

दवाखान्यातला एकेक डोळा माझ्याकडे वळला. पप्पू दुकानातून आला होता, त्याने कपाळावर हात मारून घेतला. मला तरीही कळेना.

"दाजी," पप्पू माझ्या कानाशी म्हणाला, "लग्न न झालेल्या पोरीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, उलट्या होतेत, जड उचलू नका... लोकांनी काय समजायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोनाली बाकावर बसली. रडली नाही. माझ्याकडे बघून तिने विचारलं,

"काका, तुम्ही नुसतं टायफॉईड म्हणला असता, तर काय झालं असतं?"

"डॉक्टरसाहेबांनी आजाराचं नाव घेऊ नको म्हणून सांगितल्तं, बाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

खरं सांगतो, मिलमध्ये माझ्या ओरडण्याने माणसं वाचली होती. माझ्या ओरडण्याने माणूस जखमी झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तेही आजारी लेकरू. मला काही तिथे उभं राहवेना.

"मी मिटवतो!" मी म्हणालो. "आत्ता शहागडला जातो आणि समजावून सांगतो!"

"नको!" डॉक्टर, गुरुजी, पप्पू आणि दोन अनोळखी पेशंट एकदमच म्हणाले. पण मी गाडी चालू केली होती. पप्पूने धावत येऊन मागच्या सीटवर उडी मारली. मला थांबवायला की सोबत करायला, ते त्यालाही ठरवायला वेळ मिळाला नाही.

शहागडला हमरस्त्यावर नवऱ्या मुलाचं, म्हणजे गिरिजाबाईंच्या आर्यनचं, ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. समोर ट्रकांची रांग. एका ट्रकचं बॉनेट उघडून आर्यन आत वाकला होता, आणि ड्रायव्हर वर बसून इंजिन नुसतं गरगरवत होता. काय तो आवाज! माझा जीव भांड्यात पडला. बऱ्याच दिवसांनी मी मला मानवेल अशा ठिकाणी आलो होतो.

"मी वाटूरहून आलो!" मी म्हणालो. "मोनालीला टायफॉईड हाय!"

"आं?" आर्यनने डोकं वर काढलं.

"टाय-फॉईड!"

"टायर फाटलं? मंग पलीकडच्या दुकानात जा! मी टायर ठेवत न्हाई!"

"टायर न्हाई हो! मोनाली! तुमच्या आईचा गैरसमज झालाय!"

"कुणाचा समोसा?"

मागून पप्पू माझा शर्ट ओढत होता. "दाजी, इंजिन बंद होऊ द्या, मंग बोला!" पण मला राहवेना. मी पोटापासून सगळी हवा गोळा केली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो,

"मोनाली गरोदर न्हाईऽऽऽ!"

त्याच क्षणी ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

माझं वाक्य हमरस्त्यावरून गेलं, चहाच्या टपऱ्यांवरून गेलं, आणि मला वाटतं गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन परत आलं. कारण 'न्हाई' मला दोनदा ऐकू आलं. सगळं शहागड थबकलं. टपरीवाल्याच्या हातातला चहा कपाबाहेर जात राहिला. परराज्यातल्या एका ड्रायव्हरला अर्धंच कळलं असावं, त्याने माझा हात हातात घेऊन "बधाई हो, भाईसाब" म्हटलं.

दुकानामागच्या घरातून गिरिजाबाई बाहेर आल्या.

"इथं पण आलात का बोंबलत!"

आर्यन मात्र शांत होता. त्याने मला हाताने थांबवलं आणि पप्पूला विचारलं. पप्पूने साध्या माणसाच्या आवाजात सगळं सांगितलं. दोन मिनिटांत झालं! आर्यनने हात पुसले, मोनालीला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. त्याचा चेहरा बघवेना.

"आई, तू तिला एकदा तरी विचारलंस का?"

"मी माझ्या कानानं ऐकलं!"

"कुणाच्या तोंडचं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. गिरिजाबाई जरा वरमल्या, पण मागे हटल्या नाहीत. "टायफॉईड असंल तर असू दे. आता सगळ्या बाजारात डंका वाजला. मी लोकांना काय तोंड दाखवू?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर पप्पू एकदाच बोलला.

"दाजी, हेल्मेट घ्या एखादं."

"घातलंय की!"

"तोंड पूर्ण झाकंल असं."

घरी साधनाला सगळं आधीच कळलं होतं. तिने मला एक अक्षर विचारलं नाही, रागावलीही नाही. मला वाटलं होतं ती भांडेल, मग मीही भांडेन आणि थोडं हलकं वाटेल. तिने पायांत चपला घातल्या आणि ती पुंजाराम गुरुजींच्या घरी गेली. मी मागे मागे जाऊन त्यांच्या खिडकीशी उभा राहिलो. ती मोनालीच्या आईशी, बेबीनंदाबाईंशी, बराच वेळ बोलत होती. मी कान लावला तरी मला काही ऐकू आलं नाही. मग तिने कुणाला तरी फोन केला. तोही ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट नसतात त्या वेळेला, तिने सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. गिरिजाबाईंना त्यांची वाटूरची बहीणच हाताला धरून घेऊन आली. आर्यन आला. गुरुजी, बेबीनंदाबाई, मोनाली आली. मला पप्पूच्या दुकानात बसवलं होतं, आणि पप्पूने माझ्या तोंडात एक गोळी टाकली होती. "ही हळूहळू चघळायची, दाजी. मधी बोलायचं न्हाई."

काचेतून मला आतलं दिसत होतं. गिरिजाबाई एका टोकाला, बेबीनंदाबाई दुसऱ्या टोकाला, दोघींची तोंडं दोन दिशांना. मधे साधना. ती बोलायला लागली. तिचा आवाज मुळात बारीक, आणि त्या दिवशी तर ती इतकं हळू बोलत होती की ऐकायला बेबीनंदाबाई इकडून थोड्या सरकल्या. मग गिरिजाबाई तिकडून सरकल्या. साधना आणखी हळू बोलली. त्या आणखी सरकल्या. असं करत करत दोघी विहिणींची डोकी एकमेकींना टेकायला आली! इतक्या जवळ आल्यावर माणूस किती वेळ फुगून बसणार? गिरिजाबाईंनी पदराने डोळे पुसले. बेबीनंदाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मला वाटलं, संपलं. पण मोनाली उभी राहिली. पप्पूने दार जरा उघडलं, म्हणून तिचं बोलणं मला ऐकू आलं.

"काकू, तुमचा गैरसमज झाला त्याचं मला काही वाटत न्हाई. ह्या काकांचं ऐकून कुणाचाही झाला असता. पण तुम्ही मला एक फोन केला न्हाई. न विचारता मोडून मोकळ्या झालात. उद्या तुमच्या घरी आल्यावर पण असंच व्हायचं का?"

गुरुजींनी लेकीकडे बघितलं, पण तिला थांबवलं नाही.

"मी आता बरी होते," मोनाली म्हणाली. "तोवर थांबा. मंग काय ते मी सांगते."

गिरिजाबाई भिंतीला धरून उठल्या. मग म्हणाल्या, "बराबर हाय तुझं. माझंच चुकलं, पोरी. तू सांगशील ते."

आर्यन दाराशी मोसंबीची पिशवी धरून उभा होता. "मी काल सारखा फोन करून राह्यलो," तो म्हणाला.

"ताप होता. झोपले व्हते," मोनाली म्हणाली, आणि पिशवी तिने घेतली. हसली नाही, पण पिशवी घेतली.

पुढे ती बरी होईपर्यंत शहागडहून मोसंबी येत राहिली. कधी आर्यन आणायचा, कधी गिरिजाबाई स्वतः, एसटीने, त्या दुखऱ्या गुडघ्यासह. एकदा तर त्या मोनालीच्या उशाशी बसून तिला पेज भरवत होत्या आणि मोनाली त्यांना गुडघ्याचे व्यायाम शिकवत होती. महिन्याने तिने होकार दिला. साखरपुड्याचं आमंत्रण मलाही आलं. गुरुजींनी स्वतः येऊन दिलं आणि एवढंच म्हणाले, "कारभारी, या जरूर. फक्त माईकच्या बाजूला बसू नका."

आणि माझी नोकरी?

मिटवामिटवीच्या दुसऱ्या दिवशी मी वेळेवर कामावर गेलो. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मिल बंद करायच्या दिवशी मालकानेही चहाच मागवला होता, त्यामुळे मी समजलो.

"कारभारी, ह्या टेबलावर कसा माणूस पाहिजे, ते मला काल नीट कळलं," डॉक्टर म्हणाले.

"मला पण आता अनुभव आला, डॉक्टरसाहेब! इथून पुढं..."

"तुमच्या मिसेसना विचारून बघता का?"

मी घरी येऊन साधनाला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"मला? मला जमंल का?"

"आई, तू बारावी झालेली हायस," आकांक्षा म्हणाली. "अन् काल तूच तर केलंस सगळं. आपण तुझी टेस्ट का न्हाई घेतली कधी?"

"कुणी विचारलंच न्हाई," साधना म्हणाली. एवढंच. पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठली, आणि तिने कपाटातली लग्नातली हिरवी साडी बाहेर काढली, तेव्हा मला कसंतरीच वाटलं. माझ्या कामाच्या जोरावर मी वीस वर्षं छाती फुगवून हिंडत होतो. तिला काय येतं, हे एकाच घरात राहून मला कधी दिसलं नव्हतं.

आता दवाखान्यात इतकी शांतता असते की भिंतीवरची पाटी काढून टाकली तरी चालेल. कडूबा चेअरमनसुद्धा पुढच्या दाराने यायला लागलेत.

घरातला स्वयंपाक मी हातात घेतला. सगळ्यांना सांगितलं, त्यात काय अवघड हाय? वीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलोय, चूल म्हणजे भट्टीचंच लेकरू! परवा मी भरली वांगी केली. तेल सढळ, मसाला सढळ. साधनाला डबा भरून दिला. डॉक्टरांचा डबा घरून आला नव्हता, म्हणून साधनाने आपल्यातला अर्धा त्यांना दिला. डॉक्टर म्हणाले म्हणे, चव वेगळीच आहे.

काल दोघंही आपापल्या घरी पोट धरून अंथरुणात होते. दवाखाना बंद.

आकांक्षा म्हणते, "बाबा, नाराज होऊ नका. काय येत न्हाई ते कळणं पण महत्त्वाचं असतं. एक एक काम बाद होत गेलं की उरलेलं आपोआप सापडतं."

बरोबरच आहे तिचं. सध्या मी भांडी घासतो. त्याने अजून कुणी आजारी पडलेलं नाही.